सारवलेल्या अंगणातले ऊन

मागील अंकाच्या मधल्या पानावर माझे एक जलरंगचित्र छापले होते. ज्यांच्या हाती तो अंक आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरापुढचे अंगण, मार्गशीर्षातली सकाळ, साडेआठची वेळ. समोर पूर्वेकडे तोंड असलेला सोपा, म्हणजे ओसरी, आणि त्यावर मंगळुरी कौले, मध्यभागी चार फूट उंचीचे तुळशीवृंदावन, त्याच्यापुढे रांगोळी, डावीकडे गोठ्याचा कोपरा, उजवीकडे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला आड आणि आडाच्या कठड्याजवळ निळा प्लास्टिकचा बॅरल. माणूस एकही नाही. कागद 15 बाय 22 इंचांचा. या चित्रावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: चित्र पाहताना बरे वाटले, परंतु त्यात काहीच घडत नाही. असे अंगण आमच्या गावात दर चार घरांआड दिसते. ते इतके हुबेहूब काढायचे, तर मोबाइलवर फोटो काढला असता तर काय बिघडले असते? (एक सेवानिवृत्त शिक्षक, खानापूर)

उत्तर: फोटो मी काढला होता. पहिल्याच दिवशी काढला आणि घरी येऊन तो पाहिला, तेव्हा लक्षात आले की मी ज्यासाठी तेथे बसलो होतो ते त्यात नव्हते. याची कारणे सांगता येण्यासारखी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग रुंद पट्टा टिपणारे असते. त्यामुळे जवळची जमीन फार मोठी होते आणि समोरचा सोपा मागे ढकलला जाऊन लहान दिसतो. पंचवीस पावलांचे अंगण फोटोत शाळेच्या मैदानासारखे दिसू लागते. त्याहून मोठी अडचण सावल्यांची आहे. आजकालचे फोन एका क्षणात अनेक छायाचित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतात आणि सावलीतला भाग आपोआप उजळून टाकतात. गोठ्याच्या आत काय ठेवले आहे ते फोटोत स्पष्ट दिसते, पण उन्हात बसलेल्या माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. त्या माणसाला गोठ्याच्या दारात फक्त एक थंड, खोल काळोख दिसतो आणि त्या काळोखामुळेच बाहेरचे ऊन ऊन वाटते.

आता सोप्याकडे या. मार्गशीर्षात आपल्या भागात साडेआठ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो. ऊन वळचणीच्या खालून तिरके आत शिरते आणि सोप्याच्या आतल्या भिंतीवर साधारण निम्म्या उंचीपर्यंत चढते. तेथे उन्हाची एक सरळ रेघ पडते, जी दाराच्या चौकटीच्या मधोमध जाते. या रेघेच्या वरचा भाग सावलीत आहे, म्हणून कोणीही तेथे निळसर करडा रंग लावेल. मीही पहिल्या दिवशी तोच लावला होता. मात्र अर्धा तास पाहत राहिल्यावर दिसले की वरचे वासे आणि कौलांची खालची बाजू करडी नाही, ती मंद नारिंगी आहे. अंगणातल्या तांबूस जमिनीवर पडलेले ऊन उसळून वर जाते आणि छताला आतून रंगवते. याउलट वृंदावनाची जमिनीवर पडलेली सावली निळसर आहे, कारण तिच्यावर उघड्या आकाशाचा उजेड पडतो. म्हणजे एकाच अंगणात, एकाच वेळी, एक सावली ऊबदार आणि दुसरी थंड. हा फरक जागेप्रमाणेही बदलतो. खानापूरकडची जमीन जांभ्याची, लाल, त्यामुळे सोप्याचे छत तापलेले दिसते. चिकोडी-अथणीकडे काळ्या रानाच्या मातीत तोच सोपा बराच थंड दिसेल. तेथे बसून खानापूरचा रंग लावला तर चित्र खोटे होईल, जरी प्रत्येक वासा मोजून काढला असला तरी.

राहिला प्रश्न काहीच न घडण्याचा. साडेआठला वृंदावनाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेतीन पट लांब असते. साडेनऊपर्यंत ती दीड-पावणेदोन पटींवर येते. चार फुटांच्या वृंदावनाची अकरा फुटांची सावली तासाभरात साडेसहा फुटांच्या आसपास आखडते आणि हे सगळे डोळ्यांदेखत, आवाज न करता चाललेले असते. माझी तर त्या सावलीमागे धावताना दमछाक झाली. शेवटी पहिल्या दिवशी आल्याबरोबर साऱ्या सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखून घेतल्या आणि नंतरच्या दोन सकाळी बरोबर त्याच वेळी येऊन एकेक तास काम केले. आपल्याला जे निवांत वाटले ते असे तीन सकाळी घाईत धरलेले आहे.

प्रश्न: मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीचा रंग मला कधीच जमत नाही. दरवेळी चिखल होतो. आपण कोणते रंग वापरलेत? (निपाणी)

उत्तर: रंग तीनच आहेत: यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). यात यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना ही मुळात मातीच. दोन्हींत लोहाची संयुगे असतात. पिवळी माती तापवली की लाल होते, कच्ची सिएना भाजली की बर्न्ट सिएना होते आणि कौलाची माती भट्टीत तांबडी होते तीही याच कारणाने. जांभ्याचा चिरा, कौल आणि आपल्या डबीतला रंग ही तिन्ही एका कुळातली, म्हणून आपल्या भागातील घर रंगवताना ते एकमेकांशी भांडत नाहीत.

चिखल होण्याचे कारण बहुधा रंगात नसून घाईत असते. जलरंगात खालचा थर अर्धवट ओला असताना त्यावर कुंचला फिरवला की तो उखडतो, वरच्या रंगात मिसळतो आणि दोन्ही मरतात. थर वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तळहाताची मागची बाजू कागदाला अलगद लावावी, गार लागली तर कागद अजून ओला आहे. दुसरे असे की एका मिश्रणात तीनपेक्षा अधिक रंग घालू नयेत आणि जमिनीसाठी कॅडमियमसारखे अपारदर्शक रंग शक्यतो टाळावेत.

परंतु केवळ रंग जमला म्हणून सारवलेली जमीन होत नाही, ती फार तर खाकी कापड होते. सारवण जवळ जाऊन पाहिले आहे का? सारवणारी बाई भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत येते. तिचा हात एका बाजूकडून दुसरीकडे अर्धवर्तुळात फिरतो आणि चार बोटांच्या चार समांतर रेघा उमटतात. पुढचे अर्धवर्तुळ आधीच्याच्या कडेवर चढते, माशाच्या खवल्यांसारखे. प्रत्येक खवला एका हाताच्या पोहोचेएवढा, म्हणजे दोन-अडीच फुटांचा. चित्रकाराला याहून चांगली मोजपट्टी कोणती हवी? पुढचे खवले मोठे, मागचे लहान आणि चपटे होत जातात, आणि एकही रेघ न आखता जमीन सपाट पसरून मागे जाऊ लागते. माझ्या चित्रात अंगणाला जी खोली आली आहे ती पट्टीने काढलेल्या रेषांमुळे आलेली नसून त्या घरातल्या काकूंच्या हातामुळे आली आहे.

करण्याची रीत अशी. आधी संपूर्ण जमिनीवर यलो ऑकरचा अगदी पातळ, ऊबदार हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग त्यात अल्ट्रामरीन मिसळून हिरवट झालेला रंग चपट्या, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने अर्धवर्तुळात ओढावा. कुंचल्याचे केस फाकलेले असले तर उत्तम, बोटांच्या रेघा आपोआप उमटतात. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि जमिनीला जो रवाळपणा येतो तो मुद्दाम ठिपके काढून कधीच येत नाही. सावली सर्वांत शेवटी, एकाच हाताने, आणि ती लावल्यावर पुन्हा तिला शिवू नये. ताजे सारवण गडद हिरवट असते आणि वाळले की फिके पिवळसर होते. तेव्हा उंबऱ्याजवळचा शेवटचा तुकडा थोडा गडद ठेवलात तर ते सारवण आजचे आहे हे न सांगता कळेल.

प्रश्न: जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, कागदाचाच पांढरा राखायचा असतो, असे आम्हाला शिकवले गेले. आपल्या चित्रातली रांगोळी मात्र पांढऱ्या रंगाने काढलेली दिसते. ही लबाडी नव्हे काय? (एक कलाशिक्षिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर: पकडलेत. रांगोळी पांढऱ्या अपारदर्शक रंगानेच काढली आहे आणि ते मी लपवणार नाही. आपल्या पत्रातील नियम मलाही याच शब्दांत शिकवला गेला होता आणि वीस-पंचवीस वर्षे मी तो पाळला.

नियमामागचे कारण पक्के आहे. जलरंग म्हणजे बारीक रंगकण आणि डिंक यांचा पाण्यातला पातळ थर. उजेड त्या थरातून आरपार जातो, खालच्या कागदावर आदळतो आणि परत डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून जलरंगातला सर्वांत प्रखर उजेड म्हणजे उघडा सोडलेला कागद. त्यावर पांढरा रंग थापला की उजेड वरच्या वरच अडतो आणि तो भाग खडूसारखा मेलेला दिसतो. माझ्या चित्रात वृंदावनाची उन्हातली बाजू, आडाच्या कठड्याची वरची कड, घागरीच्या काठावरची चमक आणि सोप्याच्या भिंतीवरचा उन्हाचा पट्टा हे सगळे कोरे ठेवलेले कागद आहेत. तेथे रंगाचा एक थेंबही नाही.

मग रांगोळीलाच अपवाद का? माझे उत्तर कदाचित आपल्याला पटणार नाही, तरी सांगतो. भिंतीवरचे ऊन ही भिंतीवर ठेवलेली वस्तू नाही, ते तेथे पडते आणि निघून जाते. ते कागदातूनच यायला हवे. रांगोळी ही मात्र वस्तू आहे. ती पांढरी भुकटी आहे, चिमटीतून सोडलेली, सारवणाच्या वर बसलेली, बोट लावले तर पुसणारी. जी वस्तू प्रत्यक्षात जमिनीवर ठेवलेली आहे ती चित्रातही रंगाच्या थरावर ठेवायला काय हरकत आहे? मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखणारा आणि नंतर सोलून काढता येणारा द्रव, लावून ती राखता आली असती, पण ते सोलून काढल्यावर उरणारी रेघ तारेसारखी कडक असते. चिमटीतून सुटलेली रेघ जागोजागी विरळ होते. पांढरा रंग थोडा सुका ठेवून टोकदार कुंचल्याने ओढला की ती विरळ जागा मिळते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज जलरंगकारांच्या पेटीत चायनीज व्हाइट हा अपारदर्शक पांढरा असेच आणि अमेरिकन चित्रकार सार्जंट याच्यासारखा निष्णात जलरंगकारही गरज पडली तेथे अपारदर्शक रंग बेधडक लावीत असे. तरी आपल्या वर्गातील मुलांना आपण नियमच शिकवावा, अशी माझी विनंती आहे. अपवादाची मजा नियम हातात बसल्यावरच कळते.

प्रश्न: एवढ्या सुंदर अंगणात तो निळा बॅरल कशाला? त्याने डोळ्यांत खुपते. तो वगळून तेथे पितळेची घागर ठेवता आली असती. (चिकोडी)

उत्तर: घागर तेथे होतीच, आडाच्या कठड्यावर. ती चित्रात आहे. बॅरलबद्दल आपण एकटे नाही, पाच पत्रे त्याच्याविरुद्ध आली आहेत. त्या घरातल्या काकूंनीही पहिल्या दिवशी विचारले होते, "मास्तर, तो बॅरल बाजूला सरकवू काय?" मी नको म्हटले तेव्हा त्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली असावी.

गेली काही वर्षे प्रदर्शनांतून जी ग्रामीण अंगणे पाहायला मिळतात त्यांची एक ठरावीक सामग्री झाली आहे: कंदील, बैलगाडीचे मोडके चाक, जाते, पितळेची घागर आणि भिंतीला टेकवलेली सायकल. यातील निम्म्या वस्तू आता अंगणात नसतात, चित्रकाराच्या माहितीत असतात. बॅरल मात्र खानापुरापासून निपाणीपर्यंत प्रत्येक अंगणात आहे, कारण नळाला पाणी रोज येत नाही आणि पाणी साठवावे लागते. तो काढून टाकला तर मी अंगणातून पाण्याची गोष्टच काढून टाकली असे होईल.

शिवाय केवळ रंगाच्या दृष्टीने पाहा. अख्ख्या चित्रात पिवळा, तांबूस, हिरवट असे मातीचे रंग आहेत. त्या मातकट पसाऱ्यात एका बाजूला निळ्याचा एक तुकडा आहे आणि त्याच्या शेजारी जांभ्याचा चिरा अधिक तांबडा दिसतो. अंगठ्याने बॅरल झाकून चित्र पाहावे, आड लगेच फिका पडेल. बॅरलचा निळा मी डबीतून निघतो तसा लावलेला नाही. त्याच्या जमिनीकडच्या बाजूवर अंगणाचा तांबूस उजेड चढला आहे, म्हणून तेथे तो जांभळ्याकडे झुकतो. तेवढ्याने तो त्या घरातला होतो. संकेश्वरी मिरची वाळत घातलेली असती तर मात्र मी चित्राची मांडणीच बदलली असती. त्या लाल रंगापुढे अंगणात दुसरे काही दिसत नाही.

प्रश्न: छपरावरची कौले मोजून काढली आहेत का? (हुक्केरी)

उत्तर: नाही. वळचणीच्या ओळीतली आणि उन्हाच्या कडेवरची तेवढी काढली आहेत, बाकीचे छप्पर हा एक सलग हात आहे. उरलेली कौले पाहणाऱ्याचा डोळा स्वतः घालतो. एक सूचना मात्र करतो, कारण जुन्या काळातले घर रंगवणारे येथे चुकतात. चपटी मंगळुरी कौले ही बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात 1865 साली कारखाना सुरू केल्यानंतरची. त्याआधीचे घर दाखवायचे असेल तर अर्धगोल नळीची कौले काढावीत. त्यांची वळचण वेगळी दिसते आणि सावलीही.

प्रश्न: वास्तववादी चित्र म्हणजे नेमके काय? जे दिसते ते तसेच काढणे, एवढेच का? आणि आपल्या भागात अशी परंपरा आहे का? (एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: मराठीत या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. फ्रान्समध्ये गुस्ताव कूर्बे या चित्रकाराने 1855 साली स्वतःचा मंडप उभारून त्यात आपली चित्रे मांडली आणि त्या मंडपाला वास्तववादाचे नाव दिले. त्याचा आग्रह विषयाबद्दल होता. देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्याऐवजी खडी फोडणारे मजूर आणि गावची माणसे मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतात, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे मात्र 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतून आला तो मुख्यतः हाताचा वास्तववाद, म्हणजे छायाप्रकाश, शरीररचना, यथार्थदर्शन (जवळचे मोठे, दूरचे लहान दाखवण्याची रीत). त्यात पौराणिक प्रसंगही हुबेहूब रंगवता येतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. अंगण हा पहिल्या अर्थाने वास्तववादी विषय आहे, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही, आणि तो पेलायला दुसऱ्या अर्थाचा सराव लागतो.

जे दिसते ते तसेच, हे मात्र मला मान्य नाही. अंगणातून मी दोन गोष्टी वगळल्या आहेत: कपड्यांची दोरी आणि गोठ्यावरची डिश अँटेना. दोरीमुळे चित्राचे दोन तुकडे होत होते. अँटेना मी ज्या चौकटीत पाहत होतो तिच्या कडेवर अर्धी कापली जात होती. बॅरल ठेवून अँटेना का काढली, असे कोणी विचारले तर माझ्याकडे तत्त्वाचे उत्तर नाही, मांडणीचे आहे. वगळता येते, पण उजेडाबद्दल खोटे बोलता येत नाही. सावली वस्तूच्या पायाशी धारदार असते आणि दूर जाईल तशी मऊ होत जाते, कारण सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंद दिसणारी थाळी आहे. दहा फुटांवर पडलेल्या सावलीची कड निदान इंचभर तरी पुसट असते. वृंदावनाच्या सावलीचे शेवटचे टोक मी पायाइतकेच धारदार केले असते तर आपल्याला चूक सांगता आली नसती, पण काहीतरी बिनसले आहे असे जाणवले असते.

परंपरेविषयी सांगायचे तर ती आपल्या उंबऱ्यावर आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून परत आले आणि कोल्हापूरच्या आसपासची तळी, झाडे आणि उन्हे रंगवत राहिले. त्यांचे काम कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते, निपाणीहून तासाभराच्या आत पोहोचता येईल. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेले सा. ल. हळदणकर हे जलरंगाचे मोठे नाव. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. ते जलरंग आहे, हे एकदा कळले की बोटांच्या फटींतून येणारा तो उजेड कसा आणला असेल या विचाराने जलरंगकाराची झोप उडते. आणि खुद्द बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी कितीतरी मुलांच्या हाताला वळण लावले. 1935 साली याच गावात जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. अंगणाला आमचे कन्नड शेजारी अंगळ म्हणतात. एका अक्षराचा फरक आहे. सारवण, वृंदावन आणि रांगोळी तर दोघांच्याही अंगणात असतात.

प्रश्न: कागद कोणता वापरावा? वर्षाच्या कोणत्या काळात बाहेर बसून रंगवावे? (संकेश्वर)

उत्तर: सुती, चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, मध्यम खरबरीत. साधा ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि त्याच्या खळग्यांत रंगाची तळी होतात. काळ म्हणाल तर दिवाळीनंतर माघापर्यंत. त्या दिवसांत दुपारीही सूर्य पन्नास-साठ अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून सावल्या लांब राहतात आणि अंगण उठावदार दिसते. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली वस्तूच्या पायाखाली जाते, अंगण सपाट पडते आणि रंग कुंचल्यावरच वाळतो. पावसाळ्यात उलट, थर वाळायला अर्धा दिवस लागतो. तेव्हा सोप्यात बसून जुनी रेखाटने पक्की करावीत.

प्रश्न: आमच्या आजोबांनी काढलेले घराच्या अंगणाचे जलरंगचित्र भिंतीवर आहे. त्यावर तपकिरी ठिपके पडले आहेत आणि फुलांचा लाल रंग जवळजवळ गेला आहे. ब्रेडच्या तुकड्याने किंवा रबराने ठिपके जातात असे ऐकले आहे. काय करावे? (जांबोटी)

उत्तर: ब्रेड नको, रबर नको आणि ओले फडके तर मुळीच नको. ठिपके ओलीमुळे कागदात आतवर आलेले असतात, ते घासून जात नाहीत. त्यांच्यासोबत रंग मात्र जातो. ब्रेडचे कण मागे राहिले की त्यांच्यावर बुरशी धरते आणि कसर लागते. गेलेला लाल रंग बहुधा अलिझरिन क्रिम्झन असावा. तो उजेडात हळूहळू उडतो, आणि तो परत आणता येत नाही. त्यावर नवा रंग भरण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या कागदाचा चिकट लेप क्षीण झालेला असतो. अशा कागदावर रंग टिपकागदावर शाई पसरावी तसा डाग होऊन पसरतो.

जांबोटीचा पाऊस मी जाणतो, म्हणून करण्यासारख्या गोष्टी सांगतो. चित्र ज्या भिंतीवर आहे ती पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर आजच उतरवून आतल्या भिंतीवर, थेट ऊन पडणार नाही अशा जागी लावावे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळेल. फ्रेम उघडून पाहता आली तर मागे वर्तमानपत्र, पुठ्ठा किंवा सेलोटेप आहे का ते पाहावे. असल्यास फ्रेम करणाऱ्याकडून आम्लरहित बोर्ड घालून घ्यावा. सेलोटेप मात्र स्वतः ओढून काढू नये. आणि काच चित्राला टेकलेली नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे.

हे शेवटचे मी भोगलेले आहे. माझे एक जुने अंगणाचे चित्र शहरातील एका फ्रेम करणाऱ्याने माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता थेट काचेखाली बसवून दिले आणि मीही त्या वेळी दोनशे रुपये वाचल्याच्या आनंदात होतो. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी फ्रेम उघडली तेव्हा वृंदावनाच्या बाजूचा रंग काचेला चिकटून निघून आला. आपल्या चित्रात तसे झाले असेल तर काच ओढू नये. काच आणि कागद एकत्रच ठेवून, कागदावरील चित्रांचे जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. माझी ती काच अजून कपाटात आहे. उजेडाकडे धरली की तिच्यावर तुळशीची उलटी सावली दिसते.